बेचाळीस हरकती आणि एक माळ

फाल्गुन लागला की माझ्या टेबलावर अंगठे उमटेनासे होतात. करडीची काढणी चालू असते. हाताला कितीही चिंध्या गुंडाळा, करडीचा काटा कुठून तरी आत शिरतोच. मग बाया-बापे कचेरीत येतात ते खरवडलेली, चिरा पडलेली बोटं घेऊन. शाईच्या गादीवर अंगठा दाबला की कागदावर नुसता काळा डाग पडतो, रेघ म्हणून दिसत नाही. खिडकीतला माणूस कागद परत सरकवतो, "अंगठा स्पष्ट नाही." अरे बाबा, स्पष्ट कसा असेल? दुपारी तुझ्या डब्यातल्या भाजीला जे तेल होतं, त्याची करडी याच अंगठ्यानं काढलीय! पूर्वी हे मी मनात म्हणायची. आता मोठ्यानं म्हणते.

मी अर्ज लिहिते. तालुक्याच्या कचेरीबाहेर लिंबाखाली माझं टेबल असतं. तालुका कोणता ते विचारू नका, परभणी जिल्ह्यातला आहे एवढं पुरे. नाव सांगितलं तर उद्या टेबल उचलायला लावतील. समोरच्या रस्त्यानं सेलूच्या बाजाराला कापसाचे शेवटचे टेम्पो जात असतात, मानवतची एसटी धुरळा उडवत येते, आणि लिंबाची पिवळी पानं दिवसभर कागदांवर पडत राहतात. एक झटकली की दुसरं हजर.

ही विद्या मला सासऱ्यांनी दिली. ते जुन्या हैदराबादी वळणाचे अर्जनवीस. 'सबब', 'मजकूर', 'दरखास्त' असले शब्द त्यांच्या तोंडात विड्यासारखे घोळायचे. मी लग्न होऊन आले तेव्हा माझं अक्षर बघून म्हणाले, "पोरीच्या हातात मोती हायेत, चुलीत कामून घालायचे?" आणि बसवलं शेजारी. त्यांचा नियम एकच होता. माणूस समोर बसून अर्धा तास बोलंल, रडंल, भावकीला शिव्या देईल, मेलेल्या म्हशीचं नाव सांगंल. आपण मान हलवायची आणि तीन ओळी लिहायच्या. "सुमन, कचेरीला माणूस नको असतो. कचेरीला विषय लागतो." मला ते पटलं होतं. नुसतं पटलं नव्हतं, मला त्याचा माज होता. अर्ध्या तासाची बाई मी तीन ओळींत बसवायची, आणि तो कागद ती असा धरायची की जणू तिचं दुखणंच शिकून-सवरून साहेब झालंय.

तीन वर्षांमागं असाच फाल्गुन होता. माझ्या माहेरच्या गावात पंचायतीच्या फळ्यावर जाहीरनामा लागला. गावाच्या वरच्या अंगाला तरवडीचा माळ आहे, गावाचं गायरान. तो गोदामं बांधायला द्यायचं घाटत होतं. सिमेंटचं आवार, पत्र्याची शेडं, भोवती तारेचं कुंपण. कुणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांच्या आत लेखी कळवावी. आणि कारण काय दिलं होतं? 'सदर जमीन पडीक व विनावापर असून उत्पन्न निरंक.'

कचेरीत 'काही नाही' याला निरंक म्हणतात. तो शब्द मी स्वतः हजार वेळा लिहिलाय. त्या दिवशी पहिल्यांदा वाचला, आणि अंगाचा तिळपापड झाला.

पडीक! आमच्याकडं शेतकरी म्हणतो, औंदा ते रान पड टाकलंय. म्हणजे रान दमलंय, त्याला एक साल निजू द्या. त्या शब्दात माया आहे. तोच शब्द कचेरीत गेला की त्याचा अर्थ होतो, बेवारस, कुणीही या आणि घ्या.

या माळावर फाल्गुनात काय असतं ते मी सांगते. सकाळी गार वारा आणि नऊ वाजायच्या आत चटका. कुसळं पायाला, लुगड्याला, मेंढराच्या पोटाला, जिथं जागा मिळेल तिथं टोचून बसलेली. तरवडीची उरलीसुरली पिवळी फुलं, ओढ्याच्या काठानं दोन-चार पळस पेटलेले. उघड्या खड्यांत टिटवीची अंडी, आणि तिथून कुणी जरा गेलं की तिचा गावभर कालवा. याच दिवसांत लोकर कातरायची. मेंढरं ओढ्याच्या डोहात लोटून धुवायची, माळावर वाळत सोडायची, आणि मग पाय बांधून कातर चालवायची. ओल्या लोकरीचा तो उग्र वास, त्यात कोकरांचं अखंड बेंबें, आणि कातरीचा कच्च कच्च आवाज. कातरून सोडलेलं मेंढरू असं उघडं, लाजल्यासारखं उभं राहायचं की माझी आई म्हणायची, "जा गं बाई, तुझी आई तुला वळखायची न्हाई आता." आणि खरंच कोकरू आधी बिचकायचं, मग वास घेऊन आईला ढुशी द्यायचं. मी आठ-नऊ वर्षांची असेन. त्या लोकरीच्या ढिगावर निजायला मिळावं म्हणून मी शाळा बुडवायची.

तर त्या माळाचं उत्पन्न निरंक.

गावातली माणसं टेबलापाशी आली. सगळ्यांत पुढं गयामावशी. सख्खी मावशी नव्हे, पण आमची आणि त्यांची मेंढरं एका माळावर वाढली. साठीच्या पुढची, कपाळावर एवढं मोठं कुंकू, हातात काठी. बसलीसुद्धा नाही.

"सुमे, लिव्ह. पावसाळ्यात सगळं शिवार पेरलेलं असतंय. पाय ठिवायला जागा न्हाई. चार म्हैने मेंढरं न्यायची कुठं? माळ गेला की कळप मोडला. कळप मोडला की मी मोडले. एवढंच लिव्ह."

मी काय केलं? मी तिला सांगितलं, "मावशी, तुम्ही निवांत बसा. असा फक्कड अर्ज लिहिते की बघत राहतील." आणि लिहिला. माझ्या उभ्या जन्मात तसा अर्ज लिहिला नव्हता. 'उपरोक्त विषयान्वये' काय, 'पर्यावरणीय समतोल' काय, 'उपजीविकेचे साधन' काय! सासरे असते तर पाठ थोपटली असती. त्याच्या झेरॉक्स काढल्या, खाली बेचाळीस जणांची वेगवेगळी नावं घातली, सह्या-अंगठे घेतले आणि गठ्ठा नेऊन दिला.

कारकुनानं वरचा कागद वाचला. दुसरा वाचला. तिसरा नुसता बघितला. मग गठ्ठ्याला एकच टाचणी मारली.

"मजकूर एकच आहे. एकच हरकत धरली जाईल."

"अहो, बेचाळीस माणसं आहेत!"

"माणसं बेचाळीस असतील बाई. म्हणणं एकच आहे ना?"

त्याचं काही चुकलं नव्हतं, हेच मला जास्त लागलं. बेचाळीस जिवंत माणसं मी माझ्या हातानं एका टाचणीत बसवली होती. कचेरीनं त्या माळाला निरंक म्हटलं होतं, आणि मी माळावरच्या माणसांना. कचेरीच्या पायरीवर बसून मी रडले. कोण काय म्हणेल याची फिकीर केली नाही. पंधरातले आठ दिवस गेले होते. मग तोंड धुतलं, कागदाचं रीम पिशवीत घातलं आणि दुपारच्या एसटीनं माहेर गाठलं.

गयामावशीच्या वाड्यापाशी, म्हणजे मेंढरं कोंडायच्या काटेरी कुंपणापाशी, बाजेवर मांडी घालून बसले. म्हटलं, एकेकानं या. माळावर तुमचं काय आहे ते तुम्हीच सांगा, मी तेच लिहिणार. पहिला गडी आला, हात जोडून उभा राहिला आणि म्हणाला, "सदर जमीन आमच्या उपजीविकेचे साधन असून..."

"अरे ते माझं बोलणं आहे! तुझं सांग!"

"मला वाटलं आसंच बोलावं लागतंय."

हसावं की रडावं! गावानं माझा अर्ज पाठ केला होता. एकामागून एक येत होते आणि 'पर्यावरणीय समतोल' म्हणत होते. एका म्हातारीनं तर 'पर्यावरण' म्हणता म्हणता 'परभणी आवरण' केलं. आमच्या माणसांना एवढं पक्कं शिकवून ठेवलंय की आपलं बोलणं कागदाच्या लायकीचं नसतं. आणि ते शिकवणाऱ्यांत मी होते, पंधरा वर्षं, लिंबाखाली बसून.

शेवटी गयामावशी खेकसली, "सरा बाजूला. माझं लिव्ह." आणि बाजेच्या पायापाशी बसली.

"माझी थोरली माळावर झाली. मेंढरं चारायलते, तिथंच कळा उठल्या. गावात जायला सवड कुठली? तरवडीच्या आडोशाला बसले. तुझी माय व्हती संगं. तिनं लोकर कापायच्या कातरीनं नाळ कापली. कातर आधी जाळात धरली व्हती, येडी नव्हती ती. नाळ तिथंच पुरली, मोठ्या धोंड्याच्या उगवतीला. माझी लेक आता मानवतकडं नांदती, तिला दोन लेकरं हायेत. लिव्ह, की ज्या जागंला माझ्या लेकीची नाळ हाय ती पडीक कशी? मला म्हना पडीक. जागंला न्हाई म्हनायचं."

मी शब्दन् शब्द लिहून घेतला. माझ्या आईनं तिथं कुणाची नाळ कापली, हे मला माहीतच नव्हतं.

त्यानंतर लोकांची तोंडं सुटली. राणी म्हणून एक पोरगी आहे, मजुरी करणाऱ्या घरातली, पोलीस भरतीची तयारी करायची. तिनं सांगितलं, "गावाला मैदान न्हाई. रस्त्यावर पळलं की पोरं गाड्या आडव्या घालतेत. पहाटं मी माळावर पळते. खोकड माझ्याकडं बघत बसतंय, पर काय बोलत न्हाई. माझा दम माळानं वाढवलाय." लिहिलं, खोकडासकट लिहिलं. कुणी नवऱ्याशी भांडून माळावर दिवसभर बसून यायची, तेवढ्यानं तिचा संसार टिकला होता. कुणाचा बाप साप चावून तिथं गेला होता, आणि तरी त्याला माळ हवा होता. एकानं पवन्या गवताच्या जागा सांगितल्या, कोणत्या घळीत पाणी मुरतं ते सांगितलं. एकाचंही म्हणणं दुसऱ्यासारखं नव्हतं. बेचाळीस माणसांना एकच माळ होता, आणि बेचाळीस माळ होते.

सहा दिवस मी तिथं होते. दिवसा लोक ज्वारी काढायला जायचे, कडब्याच्या पेंढ्या बांधून दुपार कलली की यायचे, अंगाला कणसांचा भुसा तसाच चिकटलेला. घरून फोन यायचा, "कवा येनार?" मी म्हणायची, माळ संपला की.

एक माणूस मात्र येत नव्हता. नामदेवकाका. गावातले मोठे शेतकरी, त्यांचं रान माळाला लागून. त्यांनी माझ्या पहिल्या अर्जावर सही केली होती, पण स्वतःचं काही सांगा म्हटलं की रस्ता बदलायचे. का, ते सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. गावात बांध कोरणारा कमी नसतो. पण काकांनी भाऊबंदाचा बांध सोडून माळच कोरला होता. दरसाल दोन तासं, म्हणजे नांगराच्या दोन रेघा, आत. वीस-बावीस वर्षांत चांगली लांब पट्टी त्यांच्या नांगराखाली आली होती.

मुदतीच्या शेवटच्या सकाळी ते आले. डोक्याचा रुमाल काढून मांडीवर ठेवला. "लिव्ह लेकी. मी माळ कोरलाय."

माझा पेन थांबला. "काका, हे लिहिलं तर पट्टी जाईल. वर कारवाई होईल."

"मला कळतंय ते. लिव्ह. कोरत कोरत पट्टी रुंद झाली तवा लय खूश व्हतो. मिरगाचं पानी आलं, माती संगं घिऊन खाली आलं, आन् माझ्याच हिरीत बसलं. हीर गाळानं भरली. मी म्हनलो, नशीब. दुसऱ्या साली बी तेच. मंग वरली आर्धी पट्टी सोडून दिली. तिथं गवत आलं, आन् हिरीला पानी थांबाय लागलं, आता आखितीपोत्तर पुरतंय. मला कळलं व्हतं गं. माझी हीर माझ्या रानात न्हाई, ती माळावर हाय. तरी खालची पट्टी सोडली न्हाई. हाव, दुसरं काय! आता त्यो समदा माळच सिमिटानं लिपला तर खालच्या बारा हिरी कोरड्या पडतील. लिव्ह, की ह्या मानसानं खाऊन बघितलाय म्हून त्याला म्हाईत हाय."

त्यांचे पोरगे मागं उभे होते. थोरला बापाला म्हणाला, "दादा, येड लागलंय का तुमाला?" काका त्याच्याकडं न बघता मला म्हणाले, "सही कुठं करायची?"

पर्यावरण शिकवणारी पुस्तकं परभणीच्या विद्यापीठात असतील, मी त्यांना नावं ठेवत नाही. पण चोरानं स्वतःच्या सहीनं दिलेली अशी साक्ष मी कुठं वाचली नाही.

कागद मोजले, एक्केचाळीस भरले. पहिल्या वेळच्या बेचाळीसात एक सही माझी होती. गयामावशीनं विचारलं, "तुझा कुठाय?" मी म्हटलं, माझं काय त्यात. ती म्हणाली, "का गं, तू काय कचेरीत जन्मलीस?"

मग लिहायला बसले आणि अडले. 'वडिलांचा व्यवसाय' अशी ओळ आली की मी आयुष्यभर 'शेती' लिहीत आले. शाळेत, कॉलेजात, लग्नाच्या पत्रिकेत. आमच्याकडं एक गुंठा जमीन नव्हती. शाळेत एका पोरीनं माझ्या दप्तराला मेंढराचा वास येतो म्हणून बाक बदलला, त्या दिवसापासून मी बापाला शेतकरी करून टाकलं. तो बिचारा मरेपर्यंत कागदावर शेतकरी राहिला. माझ्या हरकतीत मी एवढंच लिहिलं: माझे वडील याच माळावर मेंढरं राखत. मी हे कुठंच सांगितलं नाही, कारण मला लाज वाटायची. आज वाटत नाही. आम्हाला कुणाकडं हात पसरावा लागला नाही तो या माळामुळं. माळ विनावापर म्हणणं म्हणजे माझा बाप विनावापर म्हणणं. मी हरकत घेते.

बेचाळीस कागद, बेचाळीस मजकूर. कारकुनानं प्रत्येकाला वेगळा शिक्का मारला. ठप्प, ठप्प, ठप्प. त्या दुपारी मी त्याच्यासमोर उभी राहून सगळे शिक्के मोजले.

सुनावणी पाडव्यानंतर झाली. साहेब म्हणजे एक तरुण बाई होत्या, नुकत्याच बदलून आलेल्या. गाव टेम्पोत बसून आलं होतं. कारकून म्हणाला, "मॅडम, मी गोषवारा सांगतो."

"गोषवारा कशाला?" गयामावशी उभी राहिली. "मी जितकं बोलले तितकं वाचायचं. बारीक करायचं न्हाई."

मॅडमनी कागद चाळले. "हे अर्ज आहेत की गोष्टी?"

माझी जीभ काही थांबली नाही. "गोष्टीच आहेत मॅडम. तुमच्या कागदात लिहिलंय की तिथं काही नाही. काही नसतं तर या आल्या कुठून?"

मॅडमनी गठ्ठा माझ्याकडं सरकवला. मॅडम म्हणाल्या, "वाचा." मी वाचले. दुपारची सुट्टी धरून चार तास. राणीच्या खोकडाला कारकून हसला, नाळेपाशी त्यानं मान खाली घातली. नामदेवकाकांचा कागद आला तेव्हा मॅडमनी मला थांबवलं आणि काकांना विचारलं, "यावर तुमची सही आहे. याचा अर्थ कळतो ना?"

"कळतो. मोजनी लावा. जेवढं माळाचं निघंल तेवढं माळाला द्या. उरलेल्यात माझं भागतंय."

मोजणी वर्षभरानं झाली. काकांनी पट्टीवरचा बांध स्वतः फोडला. दोन्ही पोरांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं; धाकटा आता बोलतो, थोरला अजून नाही. पट्टीवर दोन पावसाळ्यांत गवत आलंय, विरळ आहे, पण आलंय. राणीची भरती एकदा हुकली, ती यंदा पुन्हा पळतेय.

मी आता तीन ओळींचे अर्ज लिहीत नाही. वरती विषय घालते, खाली माणूस जसा बोलला तसा लिहिते. मेलेल्या म्हशीचं नावसुद्धा. कचेरीतले हसतात, म्हणतात बाईंनी कादंबऱ्या सुरू केल्या. हसोत. लांबलांबच्या गावांतून लोक येतात आणि विचारतात, "आमचं बी सगळं लिवताव का?" कुणाचा ओढा असतो, कुणाचं तळं, कुणाचं एकटं चिंचेचं झाड. प्रत्येक अर्ज जिंकत नाही. निम्मे तर नुसते पडून राहतात. पण त्यातला एकही कागद निरंक नाही, आणि ते त्यांना वाचावं लागतं. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात ना, तर थांबतो आम्ही. आमच्याकडं सांगायला भरपूर आहे.

माळाचा निकाल आला तो त्याच साली, आखितीच्या म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या तोंडावर. मीच तो घेऊन गावी गेले. उन्हानं माळ करपला होता, खडे भाजत होते, आणि गयामावशी मेंढरं घेऊन घळीच्या सावलीला बसली होती. मी कागद उघडून वाचला. जमीन वापरात असल्याचे दिसून येते. सबब प्रस्ताव तूर्त स्थगित ठेवण्यात येत आहे.

"तूर्त म्हंजी?" तिनं विचारलं.

"सध्यापुरता, मावशी. कायमचा रद्द नाही केला. पुन्हा कधी काढतील सांगता येत नाही."

ती काठीवर भार देऊन उठली, पदर खोचला, आणि कळपाकडं वळता वळता म्हणाली, "मंग उलटटपाली लिवून टाक त्यांना. आमी बी तूर्तच गप बसलाव म्हनाव."